साडेचार फुटांवरची गाडी

उंची साडेचार फूट ठरवली ती मी. नकाशा माझा, मोजमाप माझं आणि हट्टही माझाच. लाकडी बल्ल्या गाडायला निंबोल्याहून आलेले माझे दीर, कडू भाऊजी, हातात पहार घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, खेळण्यातली गाडी ना ही? मग जमिनीवर सोडा की. इतका उंच तर आम्ही वालाचा मांडव बी नाही घालत."

"तुम्ही खड्डे खणा," मी म्हटलं. "मांडवाचं मी बघते."

मराठी शाळेत एकोणतीस वर्षं चौथीच्या वर्गापुढे उभी राहिलेली बाई आहे मी. मला कोणी कारण विचारलेलं खपत नाही. आणि या वेळचं कारण मोठ्याने सांगण्यासारखंही नव्हतं, कारण ज्यांच्यापासून ते लपवायचं ते दहा पावलांवर ओसरीत चाकांच्या खुर्चीवर बसले होते. खुर्चीत बसल्यावर ह्यांचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांवर येतात. दुपारी ते पेंगत असताना मी टेप लावून मोजलं होतं. साडेचार फुटांवरून गाडी गेली तर बसल्या जागेवरून त्यांना फक्त तिच्या खालच्या पट्ट्या दिसणार. गाडी बघायची तर उठून उभं राहावं लागणार. एवढाच माझा डाव होता, आणि त्यापलीकडे माझ्यापाशी दुसरं काही उरलेलं नव्हतं.

हे, म्हणजे माझे यजमान वामन, रेल्वेत कीमॅन होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा नि पाना घेऊन आपल्या वाटणीच्या रुळावरून चालत जायचं, रूळ जखडणारी किल्ली सैल झाली असेल तर ठोकायची, ढिला बोल्ट आवळायचा आणि तसंच चालत परत यायचं. बऱ्हाणपूर ते असीरगड रोडच्या बाजूला बत्तीस वर्षं हे असेच चालले. एकदा मी वर्गात ह्यांच्या चालण्याचंच गणित घातलं होतं. उत्तर आलं पृथ्वीला जवळजवळ तीन फेऱ्या. घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "मास्तरीण, त्याच्यात सुट्ट्या धरल्या का?"

असा माणूस भाद्रपदात न्हाणीघरात घसरला. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. जळगावला ऑपरेशन झालं, आत स्टील बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी वॉकर धरून हे दोन पावलं चाललेसुद्धा. पाचव्या दिवशी वॉर्डात सगळ्यांदेखत गुडघा दुमडला आणि खाली आले. लागलं काहीच नाही. समोरच्या खाटेवरच्या पेशंटचं नातवंड फिदीफिदी हसलं, तेवढंच. त्या दिवसापासून जे बसले ते बसलेच.

मी काय नाही केलं? रागावले, समजूत घातली, शपथा घातल्या. दोन दिवस जेवले नाही, तर तिसऱ्या दिवशी ह्यांनी मुकाट्याने आपलंही ताट बाजूला सारलं. इच्छापूरला जाऊन देवीला नवस बोलले. रोज संध्याकाळी व्यायाम करून घ्यायला ललित नावाचा फिजिओथेरपिस्ट यायचा. तो काखेत हात घालून उचलायचा, आणि हे त्याच्या हातात पोत्यासारखे लोंबायचे. पाय टेकवायचा प्रयत्नसुद्धा नाही. मला वाटायचं, धरून दोन थोबाडीत द्याव्यात. मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडायची आणि बाहेर आले की पुन्हा ओरडायची.

एके दिवशी ललितने मला फाटकापाशी थांबवलं. "काकू, सच बताऊ? संक्रांतीपर्यंत टाइम आहे. उसके बाद खुबा नि गुडघा असाच वाकलेला आखडून जाईल. मग कोई फायदा नाही. मेन प्रॉब्लेम हा की काका ट्रायच नाही करत."

मी त्रेसष्ट वर्षांची, माझी स्वतःची कंबर धरलेली. ह्यांना संडासला नेताना, परत आणून बसवताना माझे हात थरथरतात. अजून किती वर्षं मला हे जमणार होतं? आणि ते माझं जाऊ दे. चालणं हाच ज्या माणसाचा सगळा स्वभाव, तो असा भिंतीकडे बघत म्हातारा होणार हे मला सहन होत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि मी ती भीती रागात लपवत होते.

गाडी आली ती आमच्या अमृतामुळे. मुलगी पुण्याला असते. तिच्या सोसायटीतल्या एका हौशी गृहस्थांनी बागेत खांबांवर छोटी रेल्वे उभारली होती, वाकावं लागू नये म्हणून कमरेच्या उंचीवर. मागच्या वर्षी मी ती पाहिली होती. दिवाळीत अमृताचा फोन आला की ते परदेशी चाललेत, रेल्वे काढून टाकतायत, बाबांना करमणूक म्हणून पाठवू का? मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात उंचीचा विचार डोक्यात आला. त्यांनी कमरेएवढी बांधली, मी गळ्याएवढी बांधली तर?

दोन खोकी आली. पितळी रूळ, हातभर लांबीचं बॅटरीवरचं इंजिन, तीन डबे. भाऊजींनी केळीच्या शेतात टेकू द्यायला आणलेल्या निलगिरीच्या बल्ल्या ट्रॅक्टरमधून आणल्या. बुंध्यांना डांबर फासलं. बाकीचं मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. प्लास्टिकच्या दोन लांब पट्ट्या घ्यायच्या, मध्ये वीतभर अंतरावर लाकडी ठोकळे स्क्रूने आवळायचे, म्हणजे शिडी आडवी टाकल्यासारखी वाट तयार होते. पट्ट्या वाकतात, त्यामुळे वळणं हवी तशी घेता येतात. ही शिडी बल्ल्यांच्या डोक्यावर बसवायची आणि वर रूळ. ओसरीपासून निघून पपईच्या मागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, पेरूखालून पुन्हा ओसरीपाशी. एकूण बावीस बल्ल्या. फाटकाकडून मोजत मी प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातला.

सगळी गल्ली फाटकाशी येऊन बघून जायची. मास्तरीणबाईंना म्हातारपणी खूळ लागलं, हे माझ्या कानावर आलं. येऊ दे. सकाळी ह्यांना अंघोळ घालून ओसरीत बसवायचं आणि मग दिवसभर ड्रिल, स्क्रू, लेव्हलची बाटली. तळहाताला फोड आले, नखं काळी झाली. संक्रांतीला किती दिवस उरले ते मी रोज उठल्याबरोबर मोजायची.

आणि ह्यांनी तोंड उघडलं. टाकीच्या वळणावर मी रूळ बसवत होते. ओसरीतून आवाज आला, "बाहेरचा रूळ थोडा उचल."

मी वळून पाहिलं. दोन महिन्यांत ह्यांनी आपणहून काढलेला तो पहिला शब्द होता.

"वळणाला बाहेरचा रूळ उंच लागते. नाही तर डब्बा बाहेर फेकीन," हे म्हणाले. "आन् सांध्यात फट सोड. उन्हात रूळ वाढते."

मी खाली पुठ्ठ्याची पट्टी घालून रूळ उचलला, सांध्यात फट सोडली, आणि टाकीच्या आडोशाला जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. लागलंय, म्हटलं. गळाला लागलंय. आता उठतील.

मग सहा नंबरची बल्ली कलली.

ती ओसरीला अगदी लागून होती, ह्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. गाडी ह्यांच्या नाकासमोरून जावी म्हणून मी मुद्दाम तिथून वाट नेली होती. मी बँकेत जाऊन आले आणि बघते तर बल्ली ओसरीकडे झुकलेली, वरची शिडी तिरकी. भाऊजींना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. आमच्याकडे कोणालाच वाटलं नसतं. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि दिवाळी उलटली की आक्रसते, भेगा पडतात, भिंतींना तडे जातात, कुंपणाचे खांब दारू प्यायल्यासारखे उभे राहतात. आमच्या भागात काहीही वाकडं झालं की लोक आधी मातीला शिव्या देतात आणि पुढे विचार करत नाहीत.

"काळीचं काय खरं आहे वहिनी?" भाऊजी म्हणाले. "मुरूम टाकून देऊ."

खड्डा फूटभर आणखी खणला, मुरूम ठासला, बल्ली ओळंब्यात आणली. चार दिवसांनी मी भाजी घेऊन आले तर पुन्हा कललेली. एकवीस बल्ल्या जागच्या जागी आणि ही एकच हलत होती. मी डोकं चालवलं. ओसरीच्या कडेला पाणी मुरत असणार, म्हणून तिथलीच माती जास्त हलते. आणि पाणी येणार कुठून?

"तुम्ही चूळ इथेच टाकता का?" मी ह्यांना विचारलं. "पेल्यातलं उरलेलं पाणी बल्लीच्या बुडाशी ओतता का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बल्लीकडे पाहिलं. "ओततो कधीकधी," म्हणाले.

मी जे तोंड सोडलं! शेजारणीने भिंतीवरून डोकावून पाहिलं. आयतं बसून खायचं आणि वर दुसऱ्याच्या कष्टांवर पाणी ओतायचं, इथपर्यंत मी बोलले. हे खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांच्या कोपराला निळा डाग दिसत होता. तो कसला म्हणून विचारलं तर म्हणाले, खुर्चीचा दांडा लागला. मी दांड्याला जुनं फडकं गुंडाळलं.

तिसऱ्या वेळी भाऊजींनी सिमेंट ओतलं. मी ह्यांना तिथे पाण्याचा थेंब पडू न देण्याची तंबी दिली. आठवड्याने सिमेंटच्या कडेला बारीक चीर पडली आणि बल्ली बोटभर ओसरीकडे आली. मी जमिनीवर बसले आणि मातीला खरोखर मुठीने मारलं. एवढीशी गोष्ट, पण मला वाटलं की सगळं जग ह्यांना बसवून ठेवायला टपलंय. शेवटी शिडीच्या खाली पाचर ठोकून मी सहा नंबरचा भाग कसाबसा सरळ केला. दिवस संपत आले होते.

भोगीच्या दिवशी सकाळी सगळं जोडून झालं. भाजी-भाकरीचा स्वयंपाक उरकला, ह्यांना स्वच्छ पायजमा-सदरा घातला, खुर्ची ओसरीच्या कडेला आणली, चाकांना विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी संक्रांत.

"गाडी सुटतेय," मी म्हटलं. "उभं राहिलात की दिसेल. मी आहे धरायला."

रिमोटचं बटण दाबलं. इंजिन निघालं. पपईमागून गेलं, टाकीच्या वळणावर एक डबाही हलला नाही, पेरूखालून दिमाखात आलं आणि ह्यांच्या डोक्यावरून, सहा नंबरवरून, खडखडत पुढे गेलं. हे मान वर करून पट्ट्यांच्या खालच्या अंगाकडे बघत होते. ठोकळ्यांच्या फटींतून सावली सरकत गेली.

"उठा ना," मी म्हटलं.

गाडी दुसऱ्यांदा आली. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. "चौदा नंबरच्या पुढचा सांधा वाजून राह्यला," म्हणाले. "बोल्ट आवळ. बाकी लाइन फस्क्लास बनवली तू."

"कानांनी नाही बघायचं!" मी ओरडले. "मी हे दोन महिने ऐकायला नाही बांधलं. उठा. एकदा उठा. मी तुमच्या पाया पडते."

आणि खरोखरच पाया पडले. ओसरीत गुडघे टेकून ह्यांची दोन्ही पावलं धरली. पावलं गार होती. गाडी वरून तिसऱ्यांदा गेली, चौथ्यांदा गेली. मग माझ्या तोंडातून ते निघालं. "तुम्हाला उठायचंच नाही. मी उचलून उचलून मरेन ना, मग उठाल. माझ्या तिरडीला खांदा द्यायला तरी उठाल ना?"

ह्यांचा चेहरा पांढरा झाला. मी गाडी बंद केली, चपला घातल्या आणि संक्रांतीचे तीळ आणायचे म्हणून निघाले. खरं तर मला त्या घरात श्वास घेता येत नव्हता.

कोपऱ्यावर पोचले तेव्हा लक्षात आलं की पाकीट घरीच राहिलंय. परत फिरले. फाटकाला हात लावला आणि पपईच्या पानांमधून ओसरी दिसली.

हे दोन्ही हातांनी सहा नंबरची बल्ली कवटाळून उठत होते.

मी जागच्या जागी थांबले. हाक मारली तर हात सुटतील, म्हणून मारली नाही. हातांच्या जोरावर ह्यांनी सगळं अंग वर ओढलं होतं. बूड खुर्चीवरून सुटलं. वीतभर, दीड वीत. दंडाच्या शिरा फुगल्या, तोंड लालबुंद झालं, हनुवटी बल्लीवर दाबली गेली. उजवा पाय थरथरत टेकला. डावा खाली तसाच लोंबत होता, दुसऱ्याचा असल्यासारखा. हे त्या पायाकडे बघत होते आणि दातओठ खाऊन काहीतरी पुटपुटत होते. बल्ली हळूहळू ओसरीकडे झुकली. मग हात सुटले आणि हे कोपरावर खाली आदळले.

ओरडले नाहीत. जराही आवाज केला नाही. थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग कोपरांवर सरपटत खुर्चीपाशी गेले, विटा लावलेली चाकं धरून, दांड्याला लोंबकळून, कितीतरी वेळाने अंग वर ओढून घेतलं. सदरा झटकला. केस हातांनी सारखे केले. आणि मग पुढे वाकून दोन्ही तळवे बल्लीला लावले आणि तिला ढकलून सरळ करायला लागले. जमेल तेवढी सरळ केल्यावर पायाच्या अंगठ्याने बुडाची माती चेपली, उजव्या पायाच्या.

मी फाटक उघडून आत गेले. मला बघून ह्यांनी हात मांडीवर घेतले.

"तीळ आणले?" ह्यांनी विचारलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

ह्यांनी सदऱ्याची बाही कोपरावर ओढली.

"कधीपासून करताय हे?"

"बल्ली गाडली त्या दिवसापासून," हे म्हणाले. "तू बाहेर गेली की."

"रोज?"

"रोजच म्हण. त्याच्या आधी खाटेला धरून करत होतो. बल्ली बरी पडते. उभी असते ना."

मी ओसरीच्या पायरीवर बसले. बँक, भाजी, दळण, रेशन, मी घराबाहेर पडलेली प्रत्येक वेळ मला आठवायला लागली, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर मी काय काय बोलले तेही. पाणी ओतता म्हणाले. आयतं खाता म्हणाले. घटकाभरापूर्वी तिरडी म्हणाले.

"मग ललितसमोर का नाही? माझ्यासमोर का नाही?"

"तुमच्यासमोर पडलो असतो तर तुम्ही दोघं बोलले असते, आता नाही होत यांच्याकडून. मग तू बांधणं सोडलं असतं." हे खुर्चीच्या दांड्यावरचं फडकं सारखं करत होते. "साडेचार फूट काहून ठेवलं, मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. तू टेप लावून मोजत होती तवा मी जागाच होतो. मले वाटलं, एवढं बांधून राह्यली तर उठून दाखवलं पाहिजे. एक दिवस तू फाटकातून आत येशीन आन् मी उभा असीन. लय करून पाह्यलं. हात ऐकते. हा पाय नाही ऐकत."

"आणि पाणी ओततो म्हणालात?"

"मग काय सांगू?"

मी ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. गल्लीला ऐकू जाईल असं रडले. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं की तळव्याला घट्टे पडलेत. कीमॅन असताना होते तसे नाहीत, नवे.

संध्याकाळी ललित आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याने ह्यांच्या डाव्या मांडीला टाचणी टोचून पाहिली, गुडघा हलवून पाहिला, परत परत पाहिला. त्याचं तोंड उतरलं.

"काकू, गलती माझी," तो म्हणाला. "मी समजलो काका ट्राय नाही करत. हात तर पैलवानासारखे झाले. पण मांडीची नसच काम नाही करत, बहुतेक ऑपरेशनपासूनच. वॉकरवर चालले ते हातांच्याच जोरावर. मोठ्या डॉक्टरला दाखवा, मी नको नाही म्हणत." मग तो ह्यांच्याकडे न बघता म्हणाला, "पर उभे राहण्याची उम्मीद मी नाही देऊ शकत."

हे म्हणाले, "मले ठाऊक होतं, बेटा. चहा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी संक्रांत. ओवसायला जाणाऱ्या बायका फाटकासमोरून जात होत्या. भाऊजी केळीचा घड नि हरभऱ्याची भाजी घेऊन आले. मी त्यांना शिडीचे स्क्रू काढायला लावले. बागेत बावीस बल्ल्या उघड्या राहिल्या.

"वहिनी, एवढी मेहनत केली आन् आता उखडता का?" भाऊजी हबकले.

"उखडत नाही," मी म्हटलं. "कापायच्यात."

करवत हातात घेऊन मी सहा नंबरपाशी गेले. पातं बल्लीला टेकवलं, पण हात चालेना. कापलं की संपलं. मग उठणं नाही, उठवणं नाही, मोजायचे दिवस नाहीत, नवस नाही, काही नाही. नुसती खुर्ची. मी उभी राहिले तशीच.

"कुठून कापू?" मी विचारलं. मला खरंच सुचत नव्हतं.

"अडीच फूट ठेव," हे म्हणाले. "अडीचवर मले सगळं दिसते. चाकं, बफर, सांधे, सगळं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बसून बसून दुसरं काय केलं? नजरेनं मोजून ठेवलं." ह्यांनी हात पुढे केला. "आन ती इकडे. तुले नाही जमणार."

मी करवत दिली आणि खुर्ची बल्लीला भिडवली. ह्यांनी अडीच फुटांवर नखाने खूण केली, पातं लावलं आणि कापायला सुरुवात केली. भुसा ह्यांच्या पायजम्यावर पडत होता. दोन महिने रोज स्वतःचं अंग ओढून ओढून तयार झालेले दंड सरसर चालत होते. मी वरचा भाग दोन्ही हातांनी धरला होता. ह्यांनी जिथे जिथे धरून धरून ओढ घेतली होती तिथे निलगिरीची साल निघून आतलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. माझे हात नेमके तिथेच आले.

करवत थांबली. हे मान वर करून बघत होते.

"रडून राह्यली का?"

"हो," मी म्हटलं.

"मग रड. पण बल्ली हलू देऊ नको, करवत अडकते."

मी बल्ली घट्ट धरली.